नव्या संगणकात जुनं सॉफ्टवेअर का अडतं?

१९९०च्या दशकाच्या उत्तरार्धात प्रोसेसरने २०० मेगाहर्ट्झचा पल्ला ओलांडला आणि जगभरातून एक चमत्कारिक तक्रार येऊ लागली. नवाकोरा संगणक घ्यावा, त्यावर रोजच्या वापरातला प्रोग्रॅम टाकावा, तर तो सुरू होताक्षणी बंद पडे. पडद्यावर उरे ती ‘रनटाइम एरर २००’ एवढी एक ओळ. तोच प्रोग्रॅम जुन्या, मंद यंत्रावर विनातक्रार चालत होता. यंत्रात बिघाड नव्हता, प्रोग्रॅमच्या फाइलीत एका अक्षराचाही फरक झालेला नव्हता. यंत्र फार वेगवान होतं, हीच अडचण होती.

हे सगळे प्रोग्रॅम बोरलँड कंपनीच्या टर्बो पास्कलमध्ये लिहिलेले होते. पडद्यावर मजकूर मांडण्यासाठी त्यात ‘सीआरटी’ नावाचा तयार भाग असे. हा भाग सुरू होतानाच यंत्राचा वेग मोजून ठेवी: सुमारे ५५ मिलिसेकंदांत एक रिकामं आवर्तन किती वेळा फिरतं ते मोजायचं आणि आलेल्या आकड्याला ५५ने भागायचं. उत्तर ठेवायला जागा १६ बिटांची, म्हणजे जास्तीत जास्त ६५,५३५ या आकड्याची. टर्बो पास्कलची सातवी आवृत्ती आली त्या १९९२ साली ही जागा ऐसपैस होती. पुढच्या पाच-सहा वर्षांत प्रोसेसर इतके वेगवान झाले, की भागाकाराचं उत्तर त्या जागेत मावेना. मग प्रोसेसर भागाकार फसल्याची खूण करी आणि प्रोग्रॅम जागच्या जागी थांबे. भारतात दुकानदार, पतपेढ्या आणि कारखान्यांचे हिशेब विभाग ज्यावर वर्षानुवर्षं विसंबून होते, त्या फॉक्सप्रोलाही अशाच जातीच्या चुकीने गाठलं. वेगवान यंत्रावर ‘डिव्हाइड बाय झिरो’ म्हणून तो बंद पडू लागला आणि मायक्रोसॉफ्टला त्यासाठी दुरुस्ती काढावी लागली.

याआधीची पिढीही यातून गेली होती. आयबीएमचा पहिला पीसी १९८१ साली आला तेव्हा त्याचा प्रोसेसर ४.७७ मेगाहर्ट्झवर चालत असे. त्या काळातले अनेक खेळ घड्याळाकडे न पाहता प्रोसेसरच्या वेगावरच आपला ताल धरत. ८ मेगाहर्ट्झची यंत्रं आल्यावर हे खेळ इतके भरधाव धावू लागले, की खेळणाऱ्याला हात हलवायलाही वेळ मिळेना. म्हणून संगणकाच्या डब्यावर टर्बो बटण आलं. ते दाबून यंत्राचा वेग मुद्दाम उतरवता येई.

सॉफ्टवेअर झिजत नाही, गंजत नाही, त्याला वाळवी लागत नाही. तीस वर्षांपूर्वीची फाइल आजही बिट न् बिट तशीच असते. बदलतं ते भोवतालचं यंत्र आणि ऑपरेटिंग सिस्टिम. प्रत्येक प्रोग्रॅम लिहिताना त्याच्या कर्त्याने काही गोष्टी गृहीत धरलेल्या असतात: प्रोसेसर अमुक इतकाच वेगवान असेल, अमुक फोल्डरमध्ये लिहिता येईल, प्रिंटर अमुक पोर्टला जोडलेला असेल. यातलं एखादं गृहीत कोसळलं की घोडं पेंड खातं. संगणक मंदावण्याची तक्रारही याच घराण्यातली आहे, फक्त दिशा उलटी. जुना प्रोग्रॅम जुन्या यंत्राला गृहीत धरतो, तर नवी ऑपरेटिंग सिस्टिम नव्या यंत्राला. म्हणून ‘संगणक जुना झाला, नवा घ्या’ किंवा ‘तो प्रोग्रॅम आता चालणार नाही’ हे निकाल देण्याआधी नेमकं कोणतं गृहीत कोसळलं आहे, ते शोधायला हवं. ते सापडलं तर बहुतेक वेळा उपाय स्वस्त आणि साधा निघतो.

ऑपरेटिंग सिस्टिम लिहिणाऱ्यांना हे चांगलं ठाऊक असतं. विंडोज ९५ घडत असताना प्रकल्पातल्या एका व्यवस्थापकाने एगहेड सॉफ्टवेअर या दुकानात ट्रक नेला आणि तिथल्या प्रत्येक पीसी प्रोग्रॅमची एकेक प्रत विकत आणली, असं मायक्रोसॉफ्टमधले ज्येष्ठ अभियंते रेमंड चेन यांनी लिहिलं आहे. ते प्रोग्रॅम मग सहकाऱ्यांमध्ये वाटले गेले. प्रत्येकाने आपल्या वाट्याचा प्रोग्रॅम नव्या विंडोजवर चालवून बघायचा आणि जिथे अडेल तिथे कळवायचं.

‘सिमसिटी’ या गाजलेल्या खेळाची गोष्ट त्याच काळातली. या खेळात एक गंभीर चूक होती. वापरून झालेली मेमरी परत केल्यावरही तो ती लगेच पुन्हा वाचत असे. जुन्या व्यवस्थेत परत केलेल्या मेमरीला कोणी तत्काळ हात लावत नसे, म्हणून खेळ निभावून जाई. विंडोज ९५मध्ये ती मेमरी दुसऱ्याच्या हाती जाऊ लागली आणि खेळ कोसळू लागला. चूक खेळाची होती, मायक्रोसॉफ्टची नव्हती. तरीही त्यांनी विंडोजमध्येच सोय केली: सिमसिटी चालू आहे असं दिसलं, तर मेमरी परत घेण्याची घाई करायची नाही. नवी विंडोज घेतल्यावर खेळ बंद पडला, तर ग्राहक दोष खेळाला देणार नाही, विंडोजलाच देईल, हा त्यामागचा हिशेब. व्यवहार म्हणून तो चोख होता, आणि त्याचा फायदा कोट्यवधी वापरकर्त्यांना झाला.

आवृत्तीच्या आकड्याचंही असंच. विंडोज ९५ ही वास्तविक चौथी आवृत्ती. पण ‘३.१० किंवा त्यापुढची विंडोज हवी’ अशी अट तपासताना कित्येक प्रोग्रॅम पूर्णांक आणि त्यापुढचा भाग वेगवेगळे ताडून बघत. ४.०मधला शून्य दहापेक्षा लहान, म्हणून विंडोज जुनी आहे असा निष्कर्ष काढून ते चालायला नकार देत. यावर तोड म्हणून विंडोज ९५ जुन्या प्रोग्रॅमना स्वतःची आवृत्ती ३.९५ सांगू लागली. ही रीत अजून संपलेली नाही. विंडोज ११ आजही प्रोग्रॅमना आपली आवृत्ती १०.० अशीच सांगते, आणि नव्या आवृत्त्या ओळखत असल्याची नोंद ज्या प्रोग्रॅममध्ये नाही, त्यांना तर ६.२, म्हणजे विंडोज ८, एवढंच कळतं.

असली सोय प्रत्येकाच्या वाट्याला येत नाही. ‘ग्रँड थेफ्ट ऑटो : सॅन अँड्रियास’ हा खेळ २००५ साली पीसीवर आला. त्यात पाण्यावर उतरणारं ‘स्किमर’ नावाचं एक विमान आहे. २०२४च्या अखेरीस विंडोज ११ची २४एच२ आवृत्ती आली आणि हे विमान खेळातून गायब झालं. खेळाच्या एका चाहत्या प्रोग्रॅमरने २०२५मध्ये मुळाशी जाऊन कारण शोधलं. या विमानाच्या नोंदीत चाकांच्या आकाराचे आकडे लिहायचेच राहून गेले होते. खेळ ते वाचायला जाई आणि त्या जागी आधीच्या वाहनाचे उरलेले आकडे योगायोगाने शाबूत असल्याने निभावून नेई. नव्या विंडोजच्या एका अंतर्गत कामाला मेमरीची तीच जागा थोडी अधिक लागू लागली, उरलेले आकडे पुसले गेले आणि वीस वर्षं झाकलेली चूक उघडी पडली. ‘काल चालत होतं, आज विंडोजने बिघडवलं’ या तक्रारीच्या मागे अनेकदा असाच इतिहास असतो.

सामान्य वापरकर्त्याच्या हाती पहिली किल्ली असते ती ‘कंपॅटिबिलिटी’च्या पानाची. प्रोग्रॅमच्या आयकॉनवर उजवं बटण दाबून ‘प्रॉपर्टीज’ उघडलं की हे पान दिसतं आणि तिथे विंडोज एक्सपी किंवा विंडोज ७ निवडता येते. अनेकांना वाटतं, की त्याने जुनी विंडोजच जागी होते. तसं काही होत नाही. प्रोग्रॅम आणि विंडोज यांच्यामध्ये एक पातळ थर बसतो. त्याला ‘शिम’ म्हणतात. प्रोग्रॅमने आवृत्ती विचारली तर हा थर जुना आकडा सांगतो, प्रोग्रॅम ज्या जुन्या वागणुकीवर विसंबून आहे ती घडवून आणतो. ओळखीच्या हजारो प्रोग्रॅमसाठी अशा दुरुस्त्यांची यादी विंडोजसोबतच येते आणि वापरकर्त्याला न विचारता लागू होते. म्हणून हे पान आवृत्तीचा, रंगांचा, पडद्याच्या आकाराचा किंवा धूसर अक्षरांचा प्रश्न सोडवतं. ड्रायव्हरचा किंवा १६-बिट प्रोग्रॅमचा प्रश्न त्याने सुटत नाही.

याच पानावर ‘रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’ ही खूण असते आणि तिच्यामागे एक मोठा बदल आहे. एक्सपीच्या काळात घरोघरी आणि दुकानोदुकानी जवळजवळ प्रत्येक जण प्रशासकाच्या अधिकाराने संगणक वापरत असे, आणि प्रोग्रॅम आपला सगळा डेटा स्वतःच्याच फोल्डरमध्ये, म्हणजे ‘प्रोग्रॅम फाइल्स’मध्ये, लिहीत. २००७ साली बाजारात आलेल्या व्हिस्टाने ही वाट बंद केली. जुने प्रोग्रॅम एकदम मरू नयेत म्हणून त्यांचं लिखाण गुपचूप प्रत्येक वापरकर्त्याच्या ‘व्हर्च्युअलस्टोअर’ नावाच्या फोल्डरमध्ये वळवलं जाऊ लागलं. प्रोग्रॅम चालतो, पण हिशेबाच्या बाबतीत यातून मोठे घोटाळे होतात. एकाच संगणकावर दोघं वेगवेगळ्या नावाने लॉगिन करत असतील, तर दोघांना दोन वेगळ्या खातेवह्या दिसतात. ‘प्रोग्रॅम फाइल्स’चा बॅकअप घेणाऱ्याच्या हाती डेटा नसलेलं फोल्डर पडतं. असा जुना प्रोग्रॅम बसवताना त्याला थेट सी ड्राइव्हवर स्वतंत्र फोल्डर करून द्यावं. प्रश्न तिथेच मिटतो.

खरी भिंत आहे ती ६४-बिट विंडोजची. ३२-बिट प्रोग्रॅम तिच्यावर आरामात चालतात. त्यांच्यासाठी विंडोज आपल्या पोटात ३२-बिट फाइलींचा वेगळा संसार सांभाळते. डॉसचे आणि विंडोज ३.१च्या काळातले १६-बिट प्रोग्रॅम मात्र मुळीच चालत नाहीत. डॉस प्रोग्रॅमच्या बाबतीत याचं मूळ प्रोसेसरमध्ये आहे. इंटेलच्या १९८५ सालच्या ८०३८६ प्रोसेसरमध्ये जुन्या ८०८६चा आभास निर्माण करण्याची खास सोय होती आणि ३२-बिट विंडोज तिच्या आधारे डॉसचे प्रोग्रॅम चालवी. एएमडीने २००३मध्ये आणलेल्या ६४-बिट रचनेत, प्रोसेसर ६४-बिट कामात असताना ही सोय उपलब्ध नसते. विंडोज १०ची ३२-बिट आवृत्ती मिळत होती तोवर एक पळवाट होती. विंडोज ११ फक्त ६४-बिट आहे. कधी कधी प्रोग्रॅम ३२-बिट असतो आणि त्याचं सेटअप तेवढं १६-बिट. काही ओळखीच्या सेटअपच्या जागी विंडोज आपणहून नवा पर्याय वापरते. एरवी जुन्या यंत्रावर बसवलेलं फोल्डर तसंच्या तसं उचलून आणलं, तर पुष्कळदा काम होतं.

या भिंतीला सर्वांत जास्त डोकं लावलं असेल ते भारतातल्या विद्यार्थ्यांनी. १९९०च्या दशकाच्या आरंभीचं टर्बो सी++ इथल्या असंख्य महाविद्यालयांत पुढे कैक वर्षं शिकवलं जात राहिलं. त्याचा निळा पडदा चालावा म्हणून विद्यार्थी डॉसबॉक्समध्ये गुंडाळलेल्या प्रती एकमेकांना देत. डॉसबॉक्स हा २००२पासून उपलब्ध असलेला मोफत प्रोग्रॅम एक अख्खा जुना पीसी सॉफ्टवेअरमध्ये उभा करतो: प्रोसेसर, साउंड कार्ड, पडदा, सगळं. कंट्रोलसोबत एफ११ दाबलं की त्याचा वेग उतरतो, एफ१२ने चढतो. शिक्षणासाठी मात्र हा आग्रह सोडायला हवा. टर्बो सी++मध्ये पूर्णांकाची मर्यादा ३२,७६७, आणि १९९८ साली सी++चं प्रमाणीकरण झालं त्याच्याही आधीची त्याची वाक्यरचना. ती शिकलेल्या मुलाला नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात निम्मं विसरावं लागतं. इथे जुनं सॉफ्टवेअर चालवता येतं म्हणून चालवत राहणं विद्यार्थ्यांच्या मुळावर येतं.

दुकानातल्या किंवा पतपेढीतल्या डॉस प्रोग्रॅमची गरज वेगळी असते. डॉसबॉक्स खेळांसाठी घडला. छपाई आणि एकाच फाइलवर अनेकांनी काम करणं हे त्याचं बलस्थान नाही. त्यासाठी व्हीडॉस किंवा डॉसबॉक्स-एक्स हे पर्याय अधिक योग्य ठरतात. डॉसचा प्रोग्रॅम एलपीटी१ पोर्टवर साधा मजकूर पाठवतो. डॉट मॅट्रिक्स प्रिंटरला तो समजतो. आजच्या अनेक स्वस्त लेझर प्रिंटरना समजत नाही, कारण कागदावर काय उमटवायचं ते त्यांना विंडोजचा ड्रायव्हरच आखून देतो. मधल्या प्रोग्रॅमने हे भाषांतर केलं, की बिल पुन्हा छापून येऊ लागतं. १६-बिट विंडोज प्रोग्रॅमसाठी ‘ओटीव्हीडीएम’ हा मोफत प्रोग्रॅम आहे. तो ‘वाइन’ या लिनक्सवरच्या प्रकल्पातून उसनवारी करून बांधलेला आहे. १९९३पासून चालत आलेला वाइन विंडोजच्या प्रोग्रॅमना लिनक्सवर चालवतो, आणि विंडोज ११ला न जमणारे काही १६-बिट प्रोग्रॅम ६४-बिट लिनक्सवर वाइनच्या आधाराने चालतात.

अ‍ॅपलने नेमका उलटा मार्ग धरला. २००६मध्ये पॉवरपीसी सोडून इंटेलचे प्रोसेसर घेतले तेव्हा जुन्या प्रोग्रॅमसाठी ‘रोझेटा’ हा दुभाषी दिला आणि २०११च्या लायन आवृत्तीत तो काढून टाकला. २०१९च्या कॅटलिनात सगळे ३२-बिट प्रोग्रॅम बंद झाले. त्याने ऑपरेटिंग सिस्टिम सडपातळ राहते. भुर्दंड वापरकर्त्याला पडतो.

यातल्या कशानेही भागलं नाही तर जुनी विंडोजच आभासी यंत्रात (व्हर्च्युअल मशीनमध्ये) उभी करायची. विंडोज ७च्या वरच्या आवृत्त्यांसोबत मायक्रोसॉफ्टने ‘एक्सपी मोड’ म्हणून हीच सोय दिली होती. आता व्हर्च्युअलबॉक्समध्ये ती मोफत करता येते. एक्सपीला ५१२ मेगाबाइट रॅम दिली तरी ती सुसाट पळते, आणि यंत्राची स्थिती ‘स्नॅपशॉट’ म्हणून जपून ठेवता येत असल्याने काही बिघडलं तर क्षणात मागे जाता येतं. मायक्रोसॉफ्टचं ‘डिस्क२व्हीएचडी’ हे छोटं साधन चालू संगणकाची अख्खी डिस्क आभासी डिस्कमध्ये उतरवतं. विंडोजच्या परवान्याचा प्रश्न मात्र वेगळा सोडवावा लागतो. प्रोग्रॅमच्या परवान्याची चावी म्हणून येणारं यूएसबी डाँगल आभासी यंत्राला जोडता येतं. पॅरलल पोर्टचं डाँगल असेल तर बहुतेक वेळा हात टेकावे लागतात.

आभासी एक्सपीला इंटरनेट देऊ नये, हा नियम मात्र पाळायलाच हवा. एक्सपीचा आधार ८ एप्रिल २०१४ रोजी संपला. १२ मे २०१७ रोजी ‘वॉनाक्राय’ने जगभर संगणक ओलीस धरले ते फाइल शेअरिंगच्या एसएमबी१ या जुन्या पद्धतीतल्या छिद्रातून. चालू आवृत्त्यांसाठीची दुरुस्ती मार्चमध्येच निघाली होती, पण असंख्यांनी ती बसवलेली नव्हती. पुढच्याच महिन्यात, २७ जूनला, ‘नॉटपेट्या’ आला. त्याने मर्स्क या जहाज कंपनीची यंत्रणा कोलमडली आणि मुंबईजवळच्या जवाहरलाल नेहरू बंदरातल्या तिच्या समूहाच्या टर्मिनलचं कामही विस्कळीत झालं. रिझर्व्ह बँकेने जून २०१८मध्ये बँकांना आधार संपलेल्या ऑपरेटिंग सिस्टिमवरची एटीएम टप्प्याटप्प्याने वर्षभरात बदलायला सांगितली. जुन्या स्कॅनरसाठी किंवा जुन्या सर्व्हरसाठी एसएमबी१ पुन्हा सुरू करण्याचा सल्ला आजही सर्रास दिला जातो. तो ऐकू नये.

आता उलटी बाजू: नवी ऑपरेटिंग सिस्टिम, जुनं यंत्र. पास्कल भाषेचे जनक निक्लाउस विर्थ यांनी १९९५ साली एका लेखात तक्रार मांडली होती, की हार्डवेअर जितकं वेगवान होतं त्याहून अधिक सॉफ्टवेअर मंदावतं. आकडे त्यांची बाजू घेतात. २००१च्या एक्सपीला किमान ६४ मेगाबाइट रॅम लागे, २०२१च्या विंडोज ११ला किमान ४ गिगाबाइट. वीस वर्षांत चौसष्टपट.

मंद संगणकाची तपासणी टास्क मॅनेजरपासून सुरू व्हायला हवी. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबले की तो उघडतो. यंत्र अडकलेलं असताना प्रोसेसर निवांत आणि डिस्क शंभर टक्क्यांवर असेल, तर दोष फिरत्या हार्ड डिस्कचा. मिनिटाला ५,४०० फेरे घेणाऱ्या लॅपटॉपच्या डिस्कची एक फेरी सुमारे ११ मिलिसेकंदांची. हवी ती जागा सुईखाली यायला सरासरी अर्धी फेरी, शिवाय सुई हलवण्याचा वेळ. म्हणजे सेकंदाला इकडचे-तिकडचे साठ-सत्तर तुकडे वाचून होतात. विंडोज सुरू होताना आणि पार्श्वभूमीवर अद्ययावत होताना असे हजारो तुकडे मागते. एसएसडीत फिरणारं काहीच नसल्याने हाच वेळ मिलिसेकंदाच्या दहाव्या भागाच्या आसपास येतो. २०१२-१३ सालच्या लॅपटॉपमध्ये नुसती सॅटा एसएसडी बसवली, तर तो पुन्हा रोजच्या कामाला लागतो. त्या वयाच्या यंत्राला इतका गुण देणारा दुसरा खर्च नाही.

रॅम ऐंशी-नव्वद टक्क्यांवर असेल, तर विंडोज मेमरीतला माल डिस्कवर नेऊन ठेवते आणि लागेल तेव्हा परत आणते. रॅममधून वाचायला सुमारे शंभर नॅनोसेकंद लागतात, फिरत्या डिस्कवरून दहा मिलिसेकंद. फरक एक लाखपटीचा. ४ गिगाबाइटवर दहा टॅब उघडून बसलेला ब्राउझर हाच फरक भोगत असतो. रॅम वाढवताना विंडोज ३२-बिट आहे का तेही पाहावं. तिला जेमतेम सव्वातीन-साडेतीन गिगाबाइट वापरता येते, वरची रॅम तशीच पडून राहते.

प्रोसेसरच्या आकड्याने फसायला होतं. आठ तार्किक प्रोसेसर असलेल्या यंत्रावर एखादा जुना प्रोग्रॅम रखडलेला असतो आणि टास्क मॅनेजर वापर दाखवतो १२-१३ टक्के. हा आकडा म्हणजे बरोबर एक अष्टमांश. हा प्रोग्रॅम प्रोसेसरच्या एकाच गाभ्यावर (कोअरवर) चालायला लिहिलेला आहे आणि तो गाभा पूर्ण राबतो आहे. इंटेलने २००४मध्ये ३.८ गिगाहर्ट्झचा पेंटियम ४ आणला आणि ४ गिगाहर्ट्झचा बेत सोडून दिला, उष्णता आवरेना. तेव्हापासून गाभ्यांची संख्या वाढत गेली, आणि जुन्या प्रोग्रॅमला तिचा उपयोग नसतो. त्याच्यासाठी प्रोसेसर निवडताना एका गाभ्याचा वेग बघावा. वेगाचा आकडाच घसरलेला दिसला तर पंखा उघडून पाहावा. धुळीने जाळी बुजली, प्रोसेसरवरची पेस्ट वाळली, की तो जळू नये म्हणून स्वतःचा वेग उतरवतो. विदर्भातल्या उन्हाळ्यात मार्चमध्ये ठीक असलेला लॅपटॉप मेमध्ये रडतो तो यामुळे, आणि त्यावर विंडोज पुन्हा टाकणं हा उपाय नव्हे.

रजिस्ट्री साफ करणारे प्रोग्रॅम तर घेऊच नयेत. त्यांना आपला पाठिंबा नाही, असं मायक्रोसॉफ्टने स्पष्ट जाहीर केलेलं आहे. रॅम ‘मोकळी’ करणारे प्रोग्रॅम वापरातला माल डिस्कवर ढकलतात आणि मोकळा आकडा दाखवतात; पुढच्या क्लिकला तो माल परत आणावा लागतो. ‘प्रीफेच’ फोल्डर पुसण्याचा सल्ला एक्सपीपासून फिरतो आहे. त्याने प्रोग्रॅम पुढच्या वेळी उलट उशिरा उघडतात. एसएसडी असेल तर वेगळं डीफ्रॅग करण्याची गरज नाही. करण्यासारखं काम एकच: टास्क मॅनेजरच्या ‘स्टार्टअप’ पानावर जाऊन, संगणकासोबत सुरू होणाऱ्यांपैकी जे नको ते बंद करणं.

विंडोज १०चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. विंडोज ११ टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप मागते आणि इंटेलचा साधारण २०१७नंतरचा प्रोसेसर. त्यामुळे धडधाकट यंत्रं एका तारखेला कागदोपत्री बाद झाली. एसएसडी आणि ८ गिगाबाइट रॅम असलेल्या अशा यंत्रावर लिनक्स मिंट व्यवस्थित चालतं. इंटरनेटवरची कामं लिनक्सवर आणि जुना विंडोज प्रोग्रॅम वाइनमध्ये किंवा आभासी यंत्रात, अशी वाटणी शाळांना आणि छोट्या कार्यालयांना परवडणारी आहे.

मराठीच्या दृष्टीने या सगळ्यात सर्वांत तातडीचं काम छापखान्यांत आणि डीटीपीच्या दुकानांत पडून आहे. १९९०च्या दशकापासून मराठी पुस्तकं, दिवाळी अंक, स्मरणिका पेजमेकर या पानं मांडण्याच्या प्रोग्रॅममध्ये जुळवल्या गेल्या, त्या श्रीलिपी, आकृती किंवा सी-डॅकच्या आयएसएमच्या फाँटमध्ये. तेव्हा फाँटमध्ये २५६ जागा असत. रोमन अक्षरांच्या त्या जागांवर देवनागरीचे तुकडे बसवले जात, आणि प्रत्येक कंपनीची बसवण्याची तऱ्हा निराळी. फाँट गेला, की फाइलीत रोमन अक्षरांचा कचरा उरतो. देवनागरी युनिकोडमध्ये १९९१पासून आहे आणि विंडोजमध्ये २०००पासून, पण पेजमेकरला युनिकोड कधीच आलं नाही. २००१ची सातवी आवृत्ती ही त्याची शेवटची. पेजमेकरची जागा घेणाऱ्या इनडिझाइनच्या २०१२च्या सीएस६पर्यंतच्या आवृत्त्या पेजमेकरच्या अलीकडच्या फाइली उघडत. त्यानंतरच्या उघडत नाहीत. म्हणजे वाट दर वर्षी अरुंद होते आहे, आणि ज्यांना ती ठाऊक आहे ते ऑपरेटर निवृत्त होत आहेत.

या फाइली वाचवायच्या तर आभासी एक्सपीत पेजमेकर आणि मूळ फाँट बसवून फाइल उघडावी आणि दोन प्रती काढाव्यात. एक पीडीएफ, मांडणी जशीच्या तशी राहण्यासाठी. दुसरी निव्वळ मजकुराची, युनिकोडमध्ये बदलण्यासाठी. बदलणारे प्रोग्रॅम मिळतात, पण त्यांच्यावर डोळे मिटून विसंबता येत नाही. जुन्या फाँटमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टंकलेली असते आणि रफार अक्षरानंतर. युनिकोडमध्ये दोन्हींचा क्रम उलटतो. जोडाक्षरावर रफार आणि वेलांटी एकदम आली की प्रोग्रॅम हमखास चुकतो. तिथे मुद्रितशोधकच लागतो. नुसती पीडीएफ ठेवून भागत नाही, कारण तिच्यातून उचललेला मजकूर जुन्या फाँटच्याच खुणांत येतो आणि त्यात एकही मराठी शब्द शोधता येत नाही.